तीन पिल्लं, महिन्याला पंधराशे रुपये. मांजराच्या वाढत्या पिल्लांना खायला काय घालू?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात भाड्याने राहतो, मागच्या पडवीत एक भटकी मांजर व्याली होती, तीन पिल्लं. आई रोज येऊन पाजून जायची पण गेले सहा दिवस ती आलीच नाही, मागच्या रस्त्यावर भरधाव गाड्या जातात त्यामुळे काय झालं असेल ते कळतंय. पिल्लं ओरडून ओरडून पडवीभर फिरायला लागली तेव्हा उचलून घरात आणली. दोन राखाडी आणि एक तांबडी. तांबडी सगळ्यात बारकी आहे, मुलीने तिचं नाव चिंगी ठेवलंय.

डोळे उघडलेत, चालतात, दात आहेत. मी पहिले दोन दिवस गाईचं दूध पाणी घालून दिलं, दूधपोळी कुस्करून दिली, तर तिघांनाही पातळ शी. दूध बंद केलं. आता उकडलेलं चिकन हाताने तोडून देतेय, खातात अगदी तुटून पडतात, पण नुसतं चिकन किती दिवस देणार आणि परवडणार कसं? मिस्टरांचा एकट्याचा पगार आहे, पिल्लांसाठी महिन्याला १५०० रुपयांच्या वर मी काढू शकत नाही. दुकानात गेले तर त्याने ८० ग्रॅमची पाकिटं दाखवली, एका पिल्लाला दिवसाला तीन-चार लागतील म्हणाला, हिशेब करून तशीच परत आले. मला ही तिघंही जगवायची आहेत. कुणी कमी पैशात नीट वाढवली असतील तर प्लीज सविस्तर सांगा.

चिंचेचं_झाड

अगं पहिल्यांदा दूध बंद केलंस ते फार बरं केलंस. गाईच्या दुधातली साखर पिल्लांना पचत नाही म्हणून जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाबाने पाणी कमी झालं की एका दिवसात हातातून जातं. शिवाय मांजरीच्या दुधात प्रोटीन गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणजे पचलं तरी पोट भरतं आणि अंग भरत नाही.

वय किती असेल? तोंड उघडून बघ, बाजूला दाढा दिसतायत का. सुळे तीन-चार आठवड्यांत येतात, दाढा दिसत असतील तर पाच-सहा आठवड्यांची आहेत. आणि घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर प्रत्येकाचं वजन करून इथे लिही. वजन कळल्याशिवाय किती घालायचं ते कुणी सांगू शकत नाही.

ओसरीवरची

ताई, दाढा आहेत, बारीक टोकं लागतात बोटाला. वजन: राखाडी ५६० आणि ५२०, चिंगी ४१०. काटा दिवाळीच्या फराळासाठी घेतला होता तो आज कामी आला.

चिंचेचं_झाड

मग पाच आठवड्यांच्या आसपास धरू. जन्मतात तेव्हा १०० ग्रॅमच्या आगेमागे असतात आणि मग रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवीत, साधारण महिन्याला अर्धा किलो. दोन महिन्यांची झाली की पाऊण ते एक किलो. चिंगी मागे आहे, तिच्याकडे जास्त लक्ष दे, तिला वेगळ्या ताटलीत वाढ कारण भावंडं तिचं खातात. या वयात मांजराच्या पिल्लांसाठी मिळते त्या दूध पावडरीची गरज नाही, ती महाग असते आणि ती लागते चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना, त्यामुळे तो खर्च तुझा वाचला.

आता मुख्य गोष्ट. पाकिटं घेऊ नकोस, पिल्लांचं कोरडं खाणं घे, पिशवीवर किटन लिहिलेलं, मोठ्यात मोठी पिशवी. कारण सांगते. ८० ग्रॅमच्या पाकिटात बहुतेक पाणीच असतं, साधारण ७० कॅलरी मिळतात आणि आपण चाळीसेक रुपये देतो. तेवढ्याच पैशात कोरडं खाणं १०० ग्रॅम येतं, त्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी. म्हणजे तेच पोषण पाचपट महाग घ्यायचं आणि पाणी मात्र आपल्या नळालाही आहे! कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवलं की झालं ओलं खाणं.

कसं करायचं: एक वाटी दाणे, दोन वाट्या कोमट पाणी, वीस मिनिटं झाकून ठेव आणि मग चमच्याने घोटून घे, आपण बाळाला खिमट करतो अगदी तसं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. आठवड्याभरात पाणी कमी करत जा, आठ आठवड्यांची झाली की अख्खे दाणे कुरुकुरू खायला लागतील. तरी एक वेळ भिजवलेलं चालू ठेव, मांजर मुळात पाणी कमी पितं.

ताटली उथळ हवी, खोल वाटीत नाकात जातं. आणि भिजवलेलं खाणं तास-दीड तासाच्या वर ठेवू नकोस, आंबतं. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मध्ये ताटली ठेव.

जुना_वाडा

सगळं वाचलं. माझं वय आता ६८. आमच्या वाड्यात पाच-सहा मांजरं कायम असायची, दूधभात आणि भाकरीचा तुकडा यावरच सगळी वाढली, धष्टपुष्ट होती. दुकानातलं काही माहीतही नव्हतं. म्हणून मनापासून विचारतो, आताच्या पिल्लांना असं काय झालंय की दूधभात चालत नाही?

कलेजी_घेणारी

काका, प्रश्न फार चांगला आहे, मलाही आजी हेच म्हणायची. वाड्यातल्या मांजरांना दूधभात मिळायचा तो वरचा खाऊ होता हो, खरं जेवण ती स्वतः करायची. धान्याच्या कोठीत उंदीर, माळ्यावर पाली, अंगणात चिमण्या. एक अख्खा उंदीर म्हणजे मांस, काळीज, हृदय, हाडं, रक्त सगळं एकत्र, मांजराला जे जे लागतं ते त्यात असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरातलं पिल्लू उंदीर कुठून आणणार? त्याला दूधभातच दिला तर तो खाऊच त्याचं जेवण होतो. आणि वाड्यातल्या किती पिल्लांनी महिनाही काढला नाही ते आपण मोजायचो नाही, जगली ती लक्षात राहिली. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही, आमच्या गावच्या घरीही असंच होतं.

मांजराला टॉरीन नावाचं एक द्रव्य लागतं, ते त्याचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही आणि ते फक्त मांस-मच्छीतून मिळतं. दुधात नाममात्र, भात-पोळीत शून्य. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय पसरट आणि कमजोर होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हे हृदयाचं दाखवून दिलं, त्याआधी तयार खाण्यावर वाढलेली मांजरंसुद्धा यानेच दगावत होती, मग कंपन्यांनी टॉरीन वाढवलं. म्हणून पिशवीवर टॉरीन लिहिलंय का ते बघायचं. आणि कुत्र्याचं खाणं स्वस्त मिळतं म्हणून मांजराला अजिबात घालायचं नाही, त्यात टॉरीन असेलच असं नाही आणि प्रोटीनही मांजराच्या मानाने कमी असतं.

जुना_वाडा

पटलं. उंदरांची गोष्ट डोक्यात आली नव्हती. आमच्या कोठीत खरंच उंदीर फार होते. धन्यवाद, पोरी.

ठाण्याची_मेघ

ओसरी ताई, तुम्ही नुसतं चिकन देताय असं लिहिलंय म्हणून मी मुद्दाम लॉगिन करून लिहितेय, माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. प्रेमाने रोज बोनलेस चिकन उकडून द्यायचे, दुसरं काही नाही, कारण दुकानातलं खाणं म्हणजे केमिकल अशी माझी पक्की समजूत होती. अडीच महिने छान दिसत होता, मग हळूहळू खेळणं कमी झालं, उचललं की ओरडायचा, आम्हाला वाटलं लाडावलाय. एक दिवस सोफ्यावरून, फक्त सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एक्सरे काढला तर हाडं इतकी फिकट की मांसापासून वेगळी ओळखू येईनात. डॉक्टर म्हणाले नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. वाढत्या वयात तर फारच वेगाने. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, कारण मी त्याला उपाशी नव्हतं ठेवलं, सगळ्यात चांगलं म्हणूनच देत होते.

दोन महिने पिंजऱ्यात बंद ठेवून किटनचं खाणं दिलं, हाडं भरली. आज व्यवस्थित आहे, थोडा तिरका चालतो. दवाखान्याचा खर्च जेवढा झाला तेवढ्यात त्याचं वर्षभराचं खाणं आलं असतं. म्हणून बजेटचा विचार करताना हेही धरा.

ओसरीवरची

ताई वाचून अंगावर काटा आला. मी पाचच दिवस दिलंय, आज संध्याकाळीच दाणे आणते. पण मग चिकन पूर्ण बंद करायचं का? त्यांना किती आवडतं ते बघवत नाही.

कलेजी_घेणारी

बंद नको गं, प्रमाणात दे. दिवसाच्या खाण्यातला दहावा भाग घरचा असला तर बाकीच्या दाण्यांचा समतोल बिघडत नाही. तुझ्या तिघांना मिळून आत्ता साधारण ८०-१०० ग्रॅम कोरडे दाणे लागतील, म्हणजे घरचं मांस सगळ्यांत मिळून चमचा-दीड चमचा, किंवा एक उकडलेलं अंडं दोन दिवसांत वाटून. अंडं सात रुपयांचं, त्याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही. मात्र पूर्ण शिजवलेलं, कच्चा पांढरा भाग नको, तो बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो.

चिकनवाल्याकडे बोनलेस मागूच नकोस. कलेजी-पेटा माग, म्हणजे कोंबडीचं काळीज आणि पोटाची जाड पिशवी, आमच्या इथे चिकनच्या निम्म्या भावाला मिळतो. त्यात हृदयं असतात ती वेगळी काढ, टॉरीन त्यांच्यात भरपूर. कलेजी मात्र अगदी थोडी, आठवड्यातून दोनदा नखाएवढी, रोज भरपूर कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेची हाडं जुळतात, मांजराला मान वळवता येत नाही. पेटा शिजायला वेळ लागतो, तीन शिट्ट्या काढून बारीक चिरायचा. आणि शिजवलेलं पाणी टाकू नकोस, टॉरीन पाण्यात उतरतं, त्याच पाण्यात दाणे भिजव. रविवारी घरी चिकन असेल तर अळणी काढायच्या आधी, आलं-लसूण-मीठ काहीही पडण्याआधी दोन तुकडे बाजूला शिजवून घे. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, शिजवलेला, वाळवलेला, मसाल्यातला, सगळा. आपल्या ताटातला रस्सा पोळीला लावून देतात ना लोक, तो नकोच.

पेडवे_आणि_पाऊस

मालवणातून लिहितोय. इथे मासळी स्वस्त म्हणून मांजरं मासळीवरच वाढतात आणि त्यात आम्ही पूर्वी चुकत होतो ते सांगतो. कच्ची मासळी देऊ नका, बऱ्याच माशांत असं एन्झाइम असतं जे ब१ जीवनसत्त्व मोडतं, मग मांजर अडखळत चालायला लागतं, मान खाली पडते, झटके येतात. शिजवलं की ते एन्झाइम जातं. पेडवे, बांगडे असे तेलकट मासे रोजच्या रोज दिले तर अंगातली चरबी सुजून दुखायला लागते, ई जीवनसत्त्व कमी पडतं. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा, बिनमिठाचं उकडून, काटा काढून. पिल्लांना तर काटा बोटाने चाचपून काढायचा, घशात अडकला की फार हाल होतात.

सुकट आणि सुका जवळा लोक सर्रास घालतात, त्यात मीठ फार. मी पिल्लांना अजिबात देत नाही.

चिंचेचं_झाड

आणि चिकनही कच्चं नको, ही हल्ली कच्चं मांस घालायची जी टूम आलीय तिच्या नादी लागू नका. साल्मोनेलाचे जंतू आहेतच, पण २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले ते आठवतंय ना? मांजरकुळाला तो होतो. घरात लहान मुलगी आहे तुझ्या, तिच्यासाठीही शिजवलेलंच बरं. शिजवलेली हाडं मात्र कधीच नाही, त्याच्या सुयांसारख्या चिरफळ्या होतात.

तुळशीपाशी

आमचं पूर्ण शाकाहारी घर, पुणे. सासूबाईंना अंडंही घरात नको. तरी दोन पिल्लं वाढवली म्हणून लिहिते. माझ्यासारख्या घरांना कोरडे दाणे हाच मार्ग आहे, मांजराला शाकाहारी करायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये, त्यात मांजराचा जीव जातो. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं की देवाने त्याला तसंच केलंय, आपण त्याला आसरा दिलाय तर त्याचं अन्न त्याला देऊ. दाण्यांचा डबा आणि ताटली गॅलरीत वेगळी ठेवली, त्यांनी मान्य केलं. आता सासूबाईच रोज सकाळी पहिली ताटली भरतात.

पैशाबाबत दोन गोष्टी. सुट्टे दाणे किलोवर मिळतात ते स्वस्त दिसतात पण पोतं कधी उघडलंय कळत नाही, चरबी खवट होते, कधी मोठ्या मांजराचे दाणे किटन म्हणून मिसळलेले असतात, मी एकदा आणले आणि पिल्लांनी तोंड फिरवलं. त्यापेक्षा बिल्डिंगमधल्या दोघींनी मिळून ३ किलोची बंद पिशवी घ्या. पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवा, महिना-सव्वा महिन्यात संपवा. ब्रँड कुठलाही, आपल्याकडे व्हिस्कस, मी-ओ, ड्रूल्स सगळ्यांचं पिल्लांसाठी वेगळं येतं, बजेटमध्ये बसेल ते. पाठीमागे प्रोटीन किमान ३० टक्के आहे का आणि ते 'पूर्ण आहार' आहे की नुसतं 'पूरक' ते वाचा. पूरक लिहिलेलं म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. आणि ब्रँड एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत न्या, नाहीतर पुन्हा पातळ शी.

कोथरूडकर_नाना

जंताचं औषध दिलं का कुणी विचारलंच नाही! पोट ढोलासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतो अशी पिल्लं असतील तर तुम्ही कितीही चांगलं घाला, ते सगळं जंतच फस्त करतात. भटक्या आईच्या पिल्लांना आईच्या दुधातूनच जंत येतात. डॉक्टरांकडून वजनानुसार डोस घ्या, दर दोन आठवड्यांनी तीन महिन्यांची होईपर्यंत. औषध स्वस्त असतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केस पेपरची फी अगदी नाममात्र असते, तिथे आधी जाऊन या. आठ आठवड्यांना पहिली लस, तीन महिन्यांना रेबीज.

एक अगदी महत्त्वाचं: ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी, चतुर्थांश तुकडासुद्धा, कधीही देऊ नका. मांजराला ते विष आहे.

सांगलीची_सई

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे आई अजून येत असेल तर पिल्लं उचलू नका, आईला खायला घाला. पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, तिला किटनचेच दाणे भरपूर ठेवा आणि पाणी. ती पिल्लांना जे देते ते आपण कुठल्याच पावडरीतून देऊ शकत नाही, आणि सगळ्यात कमी खर्चही त्यातच होतो.

ओसरीवरची

तुम्हा सगळ्यांना सांगायला आले, तीन आठवडे झाले. त्या संध्याकाळीच ३ किलोची पिशवी आणली, अकराशेला पडली, शेजारच्या काकूंच्या मांजरीलाही पिल्लं आहेत त्यांनी थोडे पैसे घातले. खिमट पहिल्या दिवशी कुणी खाईना, कलेजी-पेट्याचं पाणी घातलं तर तिघांनी ताटली चाटून पुसून काढली. सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं, चिंगीच्या शीतून खरंच जंत पडले, बघून मुलगी घाबरली पण दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट खाली गेलं आणि भूक वाढली. शी आता घट्ट आहे.

वजनं: ८९०, ८४०, आणि चिंगी ७२०! भिंतीवर कॅलेंडरवर रोज लिहिते.

पण पुढचा हिशेब केला तर तीन महिन्यांची होतील तेव्हा तिघांना दिवसाला पावणेदोनशे ग्रॅम लागतील, म्हणजे महिन्याला पाच किलोच्या वर, ते माझ्या १५०० मध्ये बसत नाही. म्हणून मन घट्ट करून दोन्ही राखाडींसाठी घर शोधतेय. दोघे भाऊ आहेत, एकत्र झोपतात, एकाच घरी गेले तर फार बरं वाटेल. सातारा, कऱ्हाड, वाई इथलं कुणी असेल तर कळवा. पहिली लस झालेली असेल, उरलेल्या दाण्यांतले थोडे डब्यात घालून सोबत देईन आणि कसं भिजवायचं ते कागदावर लिहून देईन. चिंगीला मी ठेवतेय.

चिंचेचं_झाड

७२०! अगं किती आनंद झाला. कऱ्हाडला माझी मावसबहीण आहे, मागच्या वर्षी तिचा बोका म्हातारा होऊन गेला. आत्ता फोन लावते, दोघांचा फोटो टाक.

जुना_वाडा

कऱ्हाडला जमलं नाही तर मला सांग, मी वाईत असतो. दोघांनाही घेईन. दाण्यांची पिशवी कुठली आणू तेवढं लिहून ठेव.